शंभर मोजेपर्यंत

बुधवार, ११ फेब्रुवारी

आत्या,

रविवारी काय झालं ते क्रमाने लिहिते. यात माझं मत कुठेही नाही.

१. सकाळी नऊ वाजता बाबांनी गुडघ्यासाठी तुझ्या बचनागाच्या दोन गोळ्या कोमट पाण्याबरोबर घेतल्या. गोळ्या नव्या डबीतल्या. डबी त्याच वेळी उघडली. जुन्या डबीत चार गोळ्या अजून शिल्लक आहेत.
२. नऊ वीस. ओठांना मुंग्या येताहेत म्हणाले.
३. नऊ पस्तीस. जीभ जड, बोटं बधिर. हातातला पेपर खाली पडला, तो उचलता येईना.
४. नऊ पन्नास. दोन उलट्या.
५. दहा दहा. रुग्णालय. नाडी मिनिटाला चव्वेचाळीस, आणि ठोक्यांमधलं अंतर सारखं नाही.
६. सोमवारी दुपारपर्यंत अतिदक्षता विभाग. हृदयाचे ठोके तीन वेळा बिघडले. तिसऱ्या वेळी मला बाहेर काढलं.
७. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पोटात काय गेलं? बाबा म्हणाले, "चहा. बाकी काही नाही."
८. मी पलंगाशेजारी उभी होते.
९. काल संध्याकाळी घरी आणलं. अशक्त आहेत. धोका टळला आहे.

नव्या डबीच्या झाकणावर तू पेन्सिलने 'जानेवारी' लिहिलं आहेस. मला दोन गोष्टी कळायला हव्यात. जानेवारीत किती डब्या भरल्या? त्या कुणाकुणाकडे गेल्या? आणि ती घाणी, म्हणजे जानेवारीत एकदम उकळून केलेला तो सगळा माल, विकणं आजच्या आज बंद कर.

सोमवारपासून दुकानात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "सगळं छान आहे" म्हणून ठेवून दिलास. म्हणून लिहिते आहे. पत्र सकाळच्या बसच्या वाहकाकडे देते, तू औषधं पाठवतेस तसंच. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझी भाची

---

गुरुवार, १२ फेब्रुवारी

तराजूबाई,

अगं, हे पत्र आहे की पंचनामा? नऊ वीस, नऊ पस्तीस! बाप तोंडाला फेस आणून पडलाय आणि लेक घड्याळ बघतेय. चार वर्षांची असताना माझ्या दुकानात बसून बाहुलीचं वजन करायचीस, एका पारड्यात बाहुली आणि दुसऱ्यात सुंठ. तेव्हाच तुला हे नाव पडलं. उगीच नाही पडलं.

धाकट्याला सांग, आत्ताच उठू नकोस. त्याला हट्टाने उठायची सवय आहे. लहानपणी गोवर निघाला होता तेव्हाही पळाला होता. गोळ्यांचं म्हणशील तर त्याने दोनच घेतल्या हे कशावरून? पी हळद आणि हो गोरी, हा त्याचा जन्माचा स्वभाव. एका गोळीने बरं वाटलं की चार घ्यायच्या. तू बघितलंस का मोजताना?

फोनवर मला तुझं अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं तू बोलत नाहीस. मग काय करू? ठेवते.

घाणी नेहमीसारखीच केली. मुळं तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. मग चकत्या करून उकळायला. आई सांगून गेली तसंच: चकती जिभेवर ठेवायची, शंभरपर्यंत मोजायचं, जीभ चुरचुरली की पातेलं परत चुलीवर. जीभ गप्प राहिली तरच उतरवायचं. हे शंभर मोजायचं काम तुझंच असायचं, आठवतं? सत्तरच्या पुढे घाई करायचीस आणि मी तोंड मिटून डोळे वटारायची. उलट हल्ली मुळं फार छान येताहेत. पूर्वी सात-सात तास शेगडी पेटती ठेवावी लागे, आता दोन-अडीच तासांत जीभ गप्प. मुळं आणणारा म्हणतो, नव्या डोंगरावरची आहेत, मऊ आहेत. असतील.

डब्या वीस भरल्या. कुणाकडे गेल्या म्हणजे काय? दुकान आहे बाई माझं, शाळेचा हजेरीपट नाही. आणि विकणं मी तू सांगायच्या आधीच थांबवलंय.

इकडे माझंही मन थाऱ्यावर नाही. गेल्या बुधवारी वरच्या मजल्यावरच्या बाई गेल्या. तीस वर्षं डोक्यावर त्यांची पावलं ऐकली, आता छत नुसतंच आहे. झोपेत गेल्या, हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर. ब्याऐंशीचं वय. तुला पाढे त्यांनीच शिकवले होते. कामं सुचत नाहीत. काल आरशात पाहिलं तर जिभेवर हा एवढा फोड. चहाने भाजली असणार, पण कधी भाजली ते आठवतही नाही. असं झालंय डोकं.

धाकट्याला माझ्याकडून रागव.

तुझी आत्या

---

शनिवार, १४ फेब्रुवारी

आत्या,

बाबांनी दोनच गोळ्या घेतल्या. डबीत साठ असतात. मी मोजल्या, अठ्ठावन्न होत्या.

त्यातल्या सहा आणि जुन्या डबीतल्या चारपैकी तीन मी प्रयोगशाळेत नेल्या. औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र माझ्याच ताब्यात असतं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही नमुने लावले. वहीत 'यंत्राची तपासणी' असं लिहिलं. सात वर्षांत त्या वहीत मी खोटं लिहिलेलं हे पहिलंच.

निकाल असा. जुन्या डबीत विषाचा अंश नावापुरता. नव्या डबीत त्याच्या जवळजवळ चाळीसपट. शंका आली म्हणून संध्याकाळी पुन्हा लावलं. तोच आकडा.

याचा अर्थ तुला समजेल अशा शब्दांत सांगते. बचनागातल्या मुख्य विषाच्या रेणूला दोन शेपट्या असतात. दोन्ही असतात तोवर तो मारक. पाण्यात उकळत राहिलं की आधी एक शेपटी तुटते. विष शेकडो पटींनी सौम्य होतं, पण वेदना दाबायचा गुण बराचसा राहतो. तुझं औषध म्हणजे हा मधला टप्पा. आणखी उकळलं की दुसरीही तुटते आणि मग त्यात फारसं काही उरत नाही. आजी रसायनशास्त्र शिकली नव्हती, पण तिची रीत बरोबर होती. आपल्या मज्जातंतूंना दारं असतात, ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. दोन शेपट्यांचा रेणू ते दार उघडं धरून ठेवतो. म्हणून जिभेला आधी मुंग्या येतात, मग ती बधिर होते. हृदयालाही तशीच दारं आहेत. फरक इतकाच की जीभ बोलून दाखवते.

त्यामुळे जीभ गप्प झाल्यावर उतरवलेल्या मुळात एवढं विष राहायला नको होतं. राहिलं आहे. कुठेतरी चूक झाली आहे, आणि ती मला सापडत नाही.

यावर उतारा नाही. ठोके सावरत बसणं एवढाच उपचार. म्हणजे मी डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं असतं तरी त्यांनी वेगळं काही केलं नसतं. तेवढ्यापुरतं माझ्या गप्प बसण्याने काही बिघडलं नाही.

प्रश्न:

जानेवारीत मुळं नेमकी किती वेळ उकळली? घड्याळाने सांग, अंदाजाने नको.

वरच्या बाई या गोळ्या घेत होत्या का?

तू लिहिलंस की मी सांगायच्या आधीच विकणं थांबवलंस. का थांबवलंस?

तुझी भाची

ता. क. बाबांना यातलं काही माहीत नाही. ते म्हणतात, ताईला कळवू नकोस, तिचा जीव खालवर होईल.

---

रविवार, १५ फेब्रुवारी

तराजूबाई,

यंत्राला जीभ असते का गं?

पन्नास वर्षं झाली मला या कामाला. माझ्या आधी आईने चाळीस वर्षं केलं. त्या दुकानातून कुणी उताणं होऊन बाहेर पडलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवत आत आलेली माणसं आपल्या पायांनी बाहेर गेली. आणि तू उंटावरून शेळ्या हाकतेस, तिकडे बसून, काचेच्या नळ्यांमध्ये. शेपट्या म्हणे! आईला शेपट्या ठाऊक नव्हत्या, तिला जीभ ठाऊक होती. माझ्या जिभेवर शंका घेतेस म्हणजे तिच्यावर घेतेस.

घड्याळाने सांगायचं तर दोन तास दहा मिनिटं. समोरच्या शिंप्याने दुकान उघडलं तेव्हा आधण आलं होतं, आणि त्याच्या बायकोने चहाला हाक मारली तेव्हा मी पातेलं उतरवलं. तीनदा चकती ठेवली. तीनदा शंभर मोजले. जीभ दगडासारखी गप्प.

विकणं थांबवलं कारण मुळं संपली. झालं समाधान?

बाई गोळ्या घेत नव्हत्या. त्यांना कसला त्रासच नव्हता. गेलेल्या माणसाला त्यात ओढू नकोस.

चूक माझ्या मुळांत शोधण्यापेक्षा बाजारात शोध. हल्ली कशातच जोर उरलेला नाही. गोळ्यांत घालायची मिरी मी व्यापाऱ्याला दोनदा परत केली. चाखून बघितली तर नुसता भुसा. तो शपथा घालत होता की अख्ख्या बाजाराने हीच नेली, कुणी तक्रार केली नाही. मी म्हटलं, बाकीच्यांना तोंडं असतील, जिभा नसतील.

धाकट्याला बरं वाटतंय का ते चार ओळींत लिही. आकडे नकोत.

आत्या

---

सोमवार, १६ फेब्रुवारी

आत्या,

बाबांना बरं वाटतं आहे. खिडकीपर्यंत चालतात. काल भाजीवाल्याशी घासाघीस केली, म्हणजे तब्येत ठिकाणावर आली असं समजायला हरकत नाही.

तुझ्या दोन पत्रांतली तीन वाक्यं खाली उतरवते. तू वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलीस. मी एकाखाली एक ठेवली.

जिभेवर फोड आला, पण कधी भाजली ते आठवत नाही.

पूर्वी सात तास लागत, आता दोन-अडीच तासांत जीभ गप्प.

मिरी म्हणजे नुसता भुसा. बाकी कुणाची तक्रार नाही.

मी हे काल संध्याकाळी एकत्र वाचलं. मुळं मऊ झालेली नाहीत, आत्या. मिरीही बदललेली नाही.

माझं म्हणणं चूक वाटत असेल तर ते पारखायची रीत आहे, आणि तुला ती आवडेल, कारण तिला यंत्र लागत नाही. शिंप्याच्या बायकोला समोर बसव. दोन चमचे घे. एक बर्फाच्या पाण्यात बुडवलेला, दुसरा कोमट पाण्यात. गरम नको, कोमट. तू डोळे मिटायचे. तिने मनाला येईल त्या क्रमाने चमचा तुझ्या जिभेला लावायचा, तू गार की कोमट ते सांगायचं. वीस वेळा. तिने कागदावर खुणा करायच्या. तू मोजायचं नाहीस.

असं का होतं ते मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. मधुमेहात होऊ शकतं, एखादं जीवनसत्त्व कमी पडल्याने होऊ शकतं. पन्नास वर्षं तीच चकती जिभेवर ठेवल्याने होतं का, यावर कुणी अभ्यास केलेला मला सापडला नाही. तुझ्याइतकी वर्षं कुणी ती ठेवली नसावी.

चमच्यांचा निकाल काहीही लागो, त्याआधी डब्या परत आण. वीसपैकी एक माझ्याकडे आहे. एकोणीस.

तुझी भाची

---

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आत्या,

तीन दिवस उत्तर नाही. दुकानाचा फोन वाजत राहतो. वाहक म्हणाला, सोमवारी दार बंद दिसलं म्हणून माझं पत्र त्याने फटीतून आत सरकवलं, आणि मंगळवारपासून दुकानाला कुलूप आहे. ते आत पडून आहे की तू वाचलंस, हे त्याला सांगता आलं नाही.

बाबा रोज विचारतात. तुझ्याकडचा फोन बिघडला आहे असं मी सांगितलं आहे. या दोन आठवड्यांत मी किती सहज खोटं बोलायला लागले आहे.

बाबांना एकटं ठेवून निघता येत नाही. त्यांच्या ठोक्यांची परत तपासणी शनिवारी आहे.

तू बरी आहेस एवढंच लिही. एक ओळ चालेल.

तुझी भाची

---

शनिवार, २१ फेब्रुवारी

बाळ,

मी बरी आहे. तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

सोमवारी तुझं पत्र आलं आणि मी आधी चमच्यांचं केलं. शिंप्याच्या बायकोला वाटलं म्हातारीला चळ लागला. हसत होती. मी डोळे मिटून बसले आणि गार, कोमट, गार असं ठणकावून सांगत गेले. मला वाटलं, सगळी बरोबर आली. विसाव्याला डोळे उघडले तर ती हसायची थांबली होती. वीसपैकी नऊ. अंदाजपंचे बोललं असतं तरी तेवढीच आली असती.

मग मी मिरी तोंडात टाकली. चमचाभर. चावली. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि जिभेला पत्ता नाही. तोंडात कुणा दुसऱ्याचीच जीभ ठेवल्यासारखं वाटलं.

मंगळवारी कुलूप लावलं आणि डब्या गोळा करायला निघाले. हजेरीपट नाही म्हणून तुला टोमणा मारला होता, त्याची फेड पायांनी केली. नाव मला कुणाचं ठाऊक नसतं, गुडघे ठाऊक असतात. दारोदार गेले. काय सांगायचं? म्हटलं, गोळ्यांना बुरशी लागली, परत द्या. कुणी म्हणाले, अहो, आम्हाला चांगल्या लागू पडल्या, अर्धी अर्धी घेतो. एक म्हातारा देईचना. म्हणाला, घेतली की पहिल्यांदा जरा मुंग्या येतात, पण मग दुखणं कळतच नाही. त्याच्या हातातून डबी हिसकावून घेतली मी. सत्तर वर्षांची बाई, भर गल्लीत.

वीसपैकी सतरा जमल्या, तुझी धरून. तीन राहिल्या. एक कपडे धुणारीने तिच्या आईला पाठवली, आई कुठल्या गावी आहे ते ती परवा आली की कळेल. एक ट्रकवाल्याकडे आहे, पंधरा दिवसांनी एकदा येतो, खांदा दुखतो त्याचा. तिसरी कुणाकडे गेली मला माहीत नाही. जानेवारीच्या शेवटी एक बाई आली होती. करडी छत्री. कुणासाठी हवी ते बोलली नाही. मी विचारलंही नाही. उठता-बसता ती छत्री डोळ्यांसमोर येते.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

तू विचारलं होतंस, बाई गोळ्या घेत होत्या का. घेत होत्या. कंबर धरायची त्यांची. त्या बुधवारी सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर त्या म्हणाल्या, तोंडाला कसंतरी होतंय, ओठ आपले वाटत नाहीत. मी म्हटलं, वय झालं बाई, आता काहीच आपलं वाटायचं नाही. दोघी हसलो. दुपारी जरा पडते म्हणाल्या. चार वाजता छतावर पावलं वाजली नाहीत म्हणून वर गेले.

डॉक्टर यायच्या आधी मी त्यांच्या उशाशेजारची डबी उचलून पदराखाली घेतली. का घेतली? मला तेव्हा कळलं होतं का? कळलं नव्हतं असं आजवर स्वतःला सांगत आले. पण न कळलेलं माणूस डबी कशाला लपवेल? दुकानात येऊन उरलेली मुळं चुलीत घातली. मुळं संपली म्हणून विकणं थांबवलं असं तुला लिहिलं, ती अशी संपली.

ती डबी माझ्यापाशी आहे. मघा सांगितलेल्या सतरांत ती धरली आहे. सत्तावन्न गोळ्या आहेत तिच्यात. बाईंनी तीन घेतल्या. बाकीच्या डब्यांतल्या गोळ्या मी काल पातेल्यात घालून दिवसभर उकळल्या आणि मागच्या अंगणात खड्डा करून ओतल्या. ही एवढी ठेवली आहे. समोर घेऊन बसते. मनात येतं, पन्नास वर्षं दुसऱ्याच्या पोटात जायच्या आधी प्रत्येक घाणी माझ्या तोंडात गेली. ही एकच गेली नाही, नुसती जिभेवरून घसरली. ही पुरती चाखायची राहिली आहे.

तुला सांगून मोकळी झाले. धाकट्याला बाईंचं सांगू नकोस.

तुझी आत्या

---

रविवार, २२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र सकाळी मिळालं. चार वेळा वाचलं. शेवटून तिसऱ्या परिच्छेदापुढे जाण्याआधी मला प्रत्येक वेळी थांबावं लागलं.

बाई बुधवारी गेल्या, चार तारखेला. बाबांनी गोळ्या घेतल्या रविवारी, आठ तारखेला. मध्ये चार दिवस होते. त्या चार दिवसांत तू एक फोन केला असतास तर ती डबी उघडली गेली नसती. तुला ऐकू येत नसेल, पण बोलता येतं. मी हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. हिशोब मांडला नाही तर मला पुढचं लिहिता येणार नाही.

आता माझी बाजू. मी तुला लिहिलं होतं की डॉक्टरांना सांगून काही फरक पडला नसता, कारण उतारा नाही. वाक्य खरं आहे. पण उतारा नसतो हे मी पुस्तकात पाहिलं मंगळवारी. रविवारी पलंगाशेजारी उभी होते तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की तुझं नाव त्या कागदावर जाईल. बाबांचे ठोके चुकत होते आणि मी तुझं दुकान वाचवत होते. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर डॉक्टरांनी वर कळवलं असतं आणि त्या आठवड्यातच सगळ्या डब्यांचा शोध सुरू झाला असता. तू चार दिवस गप्प राहिलीस. मी चौदा.

काल तपासणीत बाबांचे ठोके नीट आले. घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. तेव्हा बाईंचं मलाही माहीत नव्हतं, ते आज सकाळी सांगितलं. तू नको म्हणाली होतीस. मला आता आणखी एक गोष्ट लपवून ठेवायला जागा नाही. ते म्हणाले, "ताई एकटी आहे का तिथे?" एवढंच विचारलं.

कपडे धुणारीची आई आणि ट्रकवाला सापडतील. करडी छत्रीवाली बाई तुझ्या पायांनी सापडणार नाही. तिच्यासाठी वर्तमानपत्र लागेल, रुग्णालयांना सूचना जावी लागेल. हे दोन्ही माझ्या अहवालाशिवाय होत नाही. म्हणून उद्या सकाळी दहा वाजता अहवाल विभागप्रमुखांच्या हातात देणार आहे. त्यात मी वहीत काय खोटं लिहिलं आणि रुग्णालयात काय बोलले नाही, हेही आहे. तुझी पत्रं मी त्यांना देणार नाही. बाईंचं तू स्वतः सांगायचंस. तपास करणारे बहुधा मंगळवारी दुपारी दुकानात येतील. कुलूप काढून ठेव. शिंप्याच्या बायकोला सोबत बसवून घे, तिच्याकडे चमच्यांचा कागद असेल तर तोही ठेव. तू मुद्दाम केलं नाहीस याचा तो एकमेव लेखी पुरावा आहे.

आता त्या डबीबद्दल. तू लिहिलंस ते मला कळलं आहे. कळलं नाही असं मी दाखवणार नाही.

ती घाणी चाखून तुला काही कळणार नाही. त्यात काय आहे ते मी मोजलं आहे, दोनदा. तुझ्या जिभेने सांगायचं राहिलं ते यंत्राने सांगून झालं. त्यात आता तपासायचं काहीच शिल्लक नाही. आणि करडी छत्रीवालीचा चेहरा तुझ्याशिवाय कुणी पाहिलेला नाही. ती सापडेपर्यंत तू लागणार आहेस. त्यानंतरही लागणार आहेस, पण ते मला लिहिता येत नाही.

लहानपणी तू चकती जिभेवर ठेवायचीस आणि मी मोजायची. सत्तरच्या पुढे मी घाई करायची असं तू लिहिलंस. खेळाची घाई नव्हती ती. तुझ्या तोंडात विष आहे हे मला आजीने सांगितलं होतं. शंभर लवकर व्हावेत आणि तू ते थुंकून टाकावंस, म्हणून मी आकडे गाळत असे. एकदा तर नव्वदवरून थेट शंभरावर गेले होते. तू तोंड मिटून डोळे वटारलेस आणि बोटाने खूण केलीस, पुन्हा एक्क्याण्णवपासून. या वेळी मी एकही आकडा गाळणार नाही.

म्हणून हे कर. पत्र वाचून झालं की लगेच उठ. डबीचं झाकण लाव, वरून चिकटपट्टी गुंडाळ, कापडात बांधून वाहकाच्या हातात दे. मी त्याला सांगितलं आहे, तो संध्याकाळी परतताना दुकानाशी बस थांबवेल आणि डबी हातात पडेपर्यंत बस हलवणार नाही. माणसं ओरडली तरी चालेल म्हणाला. डबीबरोबर कागदावर तीन गोष्टी लिहून पाठव: कपडे धुणारीच्या आईचं गाव, ट्रकचा नंबर किंवा रंग, आणि करडी छत्रीवाली दिसायला कशी होती, तुला आठवेल तेवढं सगळं.

डबीत सत्तावन्न गोळ्या आहेत असं तू लिहिलं आहेस. मी मोजून घेणार आहे.

तुझं उत्तर आणि ती डबी मंगळवारी, २४ तारखेला सकाळच्या आत माझ्याकडे पोचू दे.

तुझी भाची